आईची पाठ शाबूत, माझीच कशी धरली?

पत्र असं आहे (थोडं कापून देतेय):

"ताई, वय ३७, ठाण्यात राहतो, अकाउंट्सचं काम, दिवसभर खुर्चीत. दरवर्षी जुलैत चार दिवस सुट्टी टाकून देवरुखजवळ आमच्या गावी भाताच्या लावणीला जातो. यंदा दुसऱ्या दिवशी तास-दीड तास वाकून लावणी केली, मग बांधावर ठेवलेला तरव्याच्या मुठींचा भारा उचलायला गेलो आणि कंबरेत अशी चमक निघाली की तिथंच चिखलात बसलो. वडील म्हणाले उसण भरली, पलीकडच्या वाडीतल्या पायाळू माणसाला बोलावलं, त्याने तीनदा पाय लावला, त्या रात्री जरा बरं वाटलं. ठाण्यात आल्यावर डॉक्टरांनी तपासून गंभीर काही नाही म्हणून सांगितलं, तरी मी हट्टाने एमआरआय काढला, त्यात एल फोर-फाइव्ह आणि एल फाइव्ह-एस वनला, म्हणजे कंबरेतल्या सगळ्यात खालच्या दोन डिस्कना (मणक्यांमधल्या गाद्यांना), बल्ज म्हणजे फुगवटा आलाय. शेजारचे काका म्हणतात मणक्यात गॅप आला, मालिशवाला म्हणतो नसेवर नस चढली, जिमवाला म्हणतो कोअर वीक आहे. पाय दुखत नाही, मुंग्या नाहीत. तीन आठवडे बेल्ट लावून जवळजवळ झोपूनच आहे. आई ६३ वर्षांची, सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत लावणी लावते, तिला काही होत नाही. माझा नक्की कुठला स्नायू गेला? आणि पुढच्या वर्षी जाऊ की नको? – लावणीत अडकलेला"

अहो, तीन आठवडे बेल्ट लावून झोपलाय? पत्र वाचताना बाकी सगळं राहिलं बाजूला, मी तिथंच अडकले. तो बेल्ट काढायचाय, पण एकदम नाही, कसा ते पुढे सांगते.

त्याआधी एक गोष्ट उरकून घेते कारण हे सदर तुमच्याशिवाय अजून बरेच जण वाचतात. कंबरदुखीबरोबर लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, दोन मांड्यांच्या मध्ये, म्हणजे सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर झाला, पायातली ताकद जायला लागली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, मालिश नाही, शेक नाही, पायाळू नाही. आणि संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरतंय, रात्री झोपेतून उठवणारी दुखणी, असं असेल तर आपल्याकडे मणक्याचा टीबी अजूनही दिसतो, तो तपासून घ्यायचा. पडल्या-आपटल्यावर सुरू झालेली दुखणी किंवा पूर्वी कधी कॅन्सर झालेला असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगायचं. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही आणि डॉक्टरांनीही बघितलंय, तेव्हा आता निवांत बसून वाचा. बसून म्हणजे अर्धा तास एकाच जागी नाही, मध्ये दोनदा उठा.

कुठला स्नायू गेला? कुठलाच गेलेला नाही. पण हे नुसतं सांगून तुमचं समाधान होणार नाही हे तुमच्या पत्राच्या लांबीवरून कळलंच, म्हणून पाठ आतून कशी आहे ते सांगते.

पाठ म्हणजे गोधडी समजा. वरून एक कापड दिसतं पण आत जुन्या साड्यांचे थर एकावर एक घातलेले असतात आणि टाके सगळ्यांतून आरपार गेलेले असतात. सगळ्यात वरचा थर जिमवाल्या पोरांच्या आवडीचा, म्हणजे ट्रॅपेझियस, जो कवटीच्या मागच्या उंचवट्यापासून निघून पार छातीच्या बाराव्या मणक्यापर्यंत उतरतो, दोन्ही बाजूंचा मिळून पतंगासारखा दिसतो, आणि त्याच्या खालच्या बाजूला लॅटिसिमस, ज्याला सगळे लॅट्स म्हणतात, तो कंबरेपासून आणि छातीच्या खालच्या मणक्यांपासून सुरू होऊन तिरका वर सरकतो आणि काखेतून पुढे जाऊन दंडाच्या हाडाला चिकटतो. विहिरीवर रहाटाचा दोर खेचताना, होडी वल्हवताना काम करतो तो हा. ट्रॅपेझियसच्या खाली खांद्याचं फावडं मणक्याकडे ओढणारे ऱ्हाँबॉइड आणि ते वर उचलणारा लेव्हेटर स्कॅप्युली. हा शेवटचा लक्षात ठेवा, सकाळी मान एका बाजूला धरते आणि आपण रोबोटसारखं अख्खं अंग वळवून बघतो ना, त्यात बऱ्याचदा याचा हात असतो.

आता गंमत सांगते. हे सगळे पाठीवर दिसतात पण पाठीचे नाहीतच, कामाला सगळे हाताच्या आणि खांद्याच्या. घर कुणाचं हे कळायला लाइटचं मीटर कुणाच्या नावावर आहे ते बघायचं असतं, तसं स्नायू कुणाचा हे कळायला त्याची नर्व्ह कुठून येते ते बघायचं. ट्रॅपेझियसची मुख्य वायर तर थेट कवटीतून बाहेर पडणाऱ्या अकराव्या क्रेनियल नर्व्हची, लॅट्सची हाताकडे जाणाऱ्या नर्व्हच्या जुडग्यातून आलेली. खऱ्या पाठीच्या स्नायूंना मात्र प्रत्येक मणक्यापाशी मागच्या बाजूला निघणारी स्वतःची बारकी फांदी असते. म्हणजे वरचे सगळे कुळं आणि आतले मूळ मालक. (कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको, आणि कुळांनी जागा किती व्यापलीय तेही नको.)

मधला थर अगदी पातळ, सेराटस पोस्टीरियर नावाचे दोन, फासळ्यांना चिकटलेले, पूर्वीपासून पुस्तकं त्यांना श्वासाचे मदतनीस म्हणत आलीयत. सोडा त्यांना.

आपलं काम आहे खालच्या थराशी. कण्याच्या दोन्ही बाजूंना उभे दोन वळ लागतात बघा, मधे पन्हळ असते आणि आंघोळीला पाणी घेतलं की त्या पन्हळीतून खाली जातं, ते वळ म्हणजे इरेक्टर स्पायनी. तो एक स्नायू नाही, तीन उभ्या पट्ट्या आहेत, फासळ्यांकडची इलिओकॉस्टॅलिस, मधली लाँजिसिमस आणि मणक्याला लागून असलेली स्पायनॅलिस, खाली त्रिकोणी हाडाला आणि कमरेच्या हाडाच्या कडेला धरलेल्या आणि वर चढत चढत यातले काही पार कवटीपर्यंत गेलेले. यांचं काम काय तर पुस्तकात लिहिलेलं असतं की कणा मागे वाकवणं. पण सांगा, दिवसातून किती वेळा तुम्ही मागे वाकता? त्यांचं रोजचं काम मागे वाकवणं नाहीच, पुढे वाकताना आपण धप्पकन पडू नये म्हणून दोर हळूहळू सोडत जाणं, हे आहे. बैल उतारावर असताना गाडीवान कासरा धरून असतो तसं. त्यामुळे यांच्यात झटकन जोर मारणाऱ्या धाग्यांपेक्षा तास न् तास चिवटपणे धरून ठेवणारे धागे जास्त असतात.

एक प्रयोग करा, स्वतःवर नको, घरातल्या ठणठणीत माणसावर करा. बायकोला किंवा मुलाला उभं करा, कंबरेच्या जरा वर कण्याच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवा आणि सावकाश पुढे वाकायला सांगा. सुरुवातीला ते वळ तुमच्या अंगठ्याखाली दोरखंडासारखे टणक होतील, वाकता वाकता टणकच राहतील, आणि अगदी शेवटी, हात लोंबकळायला लागले की अचानक मऊ पडतील. लाइट गेल्यासारखे. गेली सत्तर-एक वर्षं हे माहीत आहे, १९५० च्या दशकात स्नायूंतली वीज मोजणारी यंत्रं लावून बघितलं तेव्हा कळलं की माणूस पूर्ण वाकला की हे स्नायू जवळजवळ गप्प होतात आणि सगळा भार मागच्या लिगामेंटांवर (हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यांवर), डिस्कवर आणि ताणलेल्या मांसावर नुसता लटकतो. ज्यांची कंबर दुखते त्यांच्यात पुष्कळदा ते गप्प होतच नाहीत, घाबरून कडक राहतात, म्हणून म्हटलं तुमच्यावर नको, तुमचे आत्ता ऐकणार नाहीत.

आता लावणी आठवा.

तास-दीड तास तुम्ही लोंबकळत होतात. शहरातला माणूस लावणी करतो तेव्हा गुडघे ताठ, पाठ गोल, डोकं खाली, दोन्ही हात अधांतरी, आणि आईच्या चार ओळी झाल्या माझी एकच झाली म्हणून मध्ये उठायचंही नाही, बरोबर? या सगळ्या वेळात इरेक्टर बऱ्यापैकी गप्प आणि लिगामेंटं ताणलेली. लिगामेंट रबरासारखं लगेच मागे येत नाही, ते ओल्या पायमोज्यासारखं सैल होतं, सरळ उभं राहिल्यावर काही मिनिटांत बरंचसं पूर्ववत होतं पण सगळं नाही, अर्ध्या तासानंतरही थोडं सैलपण उरलेलं सापडतं. आणि ते सैल असताना स्नायूंना जी आतून खबर मिळायची, की अरे मणका इतका सरकला, धर, ती खबर उशिरा पोचते. नेमक्या त्या वेळी तुम्ही उठलात ते थेट बांधाकडे गेलात आणि भाऱ्याला हात घातलात.

त्या भाऱ्याचं गणित करू. तुम्ही अकाउंट्सवाले, आवडेल तुम्हाला. कणा हा तराजूचा काटा समजा, पण वाकडा तराजू, कारण पाठीचे स्नायू त्या काट्यापासून मागे फक्त पाचेक सेंटीमीटरवर आहेत आणि भारा तुमच्यापुढे चाळीस सेंटीमीटरवर. ओला भारा वीस किलोचा धरला तर २० गुणिले ४० भागिले ५, झाले १६० किलो. हे फक्त भाऱ्याचे. वाकल्यावर तुमचं स्वतःचं डोकं, हात, धड हेही पुढे लटकतंय, ते पस्तीस-चाळीस किलो तरी भरतं, त्याचा मध्य वीसेक सेंटीमीटर पुढे धरला तर अजून दीडशे. म्हणजे एका भाऱ्यासाठी तुमच्या पाठीने तीनशेच्या आसपास किलोचा जोर लावायचा, तोही नुकतीच झोपेतून उठल्यासारखी असताना. तोच भारा आधी पोटाशी ओढून घेतला असता, वीस सेंटीमीटरवर, तर भाऱ्याचे १६० चे ८० झाले असते. हिशोब ढोबळ आहे, ऑडिटला देऊ नका, पण भारा अंगाजवळ घेऊन उचल असं म्हातारी माणसं का सांगतात ते यातून कळतं.

आता इरेक्टरच्याही खाली जाऊ. तिथे मल्टिफिडस नावाचा एक प्रकार आहे. हे मोठे दोर नाहीत, छोटे छोटे तिरके धागे, एका मणक्याच्या बाजूच्या टोकापासून निघून दोन ते चार मणके वर जाऊन मधल्या टोकाला चिकटणारे, कंबरेत सगळ्यात जाड. त्यांच्याही खाली रोटेटोरेस, एक-दोन मणक्यांपुरते, इतके बारके की ताकदीच्या हिशोबात त्यांना कुणी धरत नाही, आणि त्यांच्यात ताण ओळखणारे सेन्सर इतके दाट असतात की ते स्नायू कमी आणि सेन्सर जास्त असं म्हणायला हरकत नाही. ठाण्याचे आहात म्हणजे दहीहंडी बघितलीच असेल. खालच्या थरातली माणसं काही वर उचलत नाहीत, हात गुंफून नुसती धरून असतात, आणि एकाचा पाय बोटभर सरकला तरी शेजारचा लगेच दाबून धरतो. मल्टिफिडस तेच करतो. मणक्यावर मणका रचलेला, आणि स्नायू काढून टाकलेला, नुसता लिगामेंटांसकट कंबरेचा कणा लॅबमध्ये उभा करून वरून वजन ठेवलं तर नऊएक किलोवरच तो बाजूला लचकतो. नऊ किलो म्हणजे तुमच्या डोक्याच्या दुप्पटसुद्धा नाही. आपण उभे आहोत ते या गुंफलेल्या हातांमुळे.

म्हणूनच मणका सरकला, मणक्यात गॅप आला, हे शब्द मला आवडत नाहीत. मणक्यात गॅप असतोच, तिथेच तर डिस्क असते, कण्यात अशा २३ डिस्क आहेत. शेजारच्या काकांना सांगा गॅप नसता तर काळजी केली असती. आणि बल्जचं म्हणाल तर १९९४ चा एक फार गाजलेला अभ्यास आहे, ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ९८ लोकांचे एमआरआय काढले, त्यातल्या ५२ टक्क्यांना निदान एका ठिकाणी तरी बल्ज निघाला. निम्म्याहून जास्त! तुम्ही चिखलात बसलात त्याच्या आदल्या दिवशी काढला असता तरी तुमचा बल्ज तिथे असण्याची शक्यता भरपूर आहे. केसात पांढरा केस सापडावा तसं आहे ते. पायात कळ नाही, मुंग्या नाहीत, ताकद ठीक, मग त्या रिपोर्टची घडी घालून कपाटात ठेवून द्या.

नसेवर नस चढली हे तर, काय बोलू. आपल्याकडे नस म्हणजे रक्तवाहिनी पण, नर्व्ह पण आणि टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा दोर, तो पण, त्यामुळे कोण कुणावर चढलं ते मालिशवाल्यालाही सांगता येणार नाही. त्याच्या बोटाला जी गाठ लागते ती बहुतेक आखडलेल्या स्नायूची पट्टी असते आणि ती दाबल्यावर बरं वाटतं हेही खरं. मालिश हवं तर घ्या, पाठीवर उभं राहून तुडवणारा असेल तर नको.

उसण हा शब्द मात्र मला पटतो. त्यात कुठलं हाड सरकलं, काय तुटलं असा खोटा दावा नाही, अचानक धरलं एवढंच त्यात आहे. तिथे बहुतेक होतं ते असं की आत कुठेतरी, एखादा धागा, एखादं लिगामेंट, मणक्याचा एखादा बारका सांधा, थोडासा ताणला जातो आणि आजूबाजूचे सगळे स्नायू बंद पुकारतात, दुकानं खाली, रस्ता बंद. नक्की कुठला धागा ते एमआरआयलाही दिसत नाही, आणि जगभरात कंबरदुखीच्या दहातल्या नऊ पेशंटना बोट ठेवून एक कारण दाखवता येत नाही. पेशंटला हे ऐकायला आवडत नाही, मला माहितीये. पण याची दुसरी बाजू अशी की बहुतेकांची दुखणी दोन ते सहा आठवड्यांत बरीचशी ओसरते, काहीही केलं तरी. पायाळू माणसाला यश मिळतं ते यातूनच. मी त्याला हसत नाही, माझ्या आजीनेही माझ्या बाबांसाठी असा माणूस बोलावलेला, त्याने हलकेच पाय लावला, चहा घेतला आणि गेला, बाबा उठून अंगणात फिरले. घाबरलेल्या माणसाला "झालं, आता उठ" असं कुणीतरी अधिकाराने सांगितलं की तो उठतो, आणि उठणं हेच औषध असतं.

तुम्ही उठला नाहीत, इथे चुकलं. पडून राहण्याची पद्धत जुनी आहे, पूर्वी डॉक्टरच आठवडा-आठवडा सांगायचे. मग १९८६ मध्ये दोन दिवस आराम आणि सात दिवस आराम अशी तुलना झाली, तर दोन दिवसवाले कामावर लवकर गेले आणि दुखण्यात फरक काही नाही. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये हेलसिंकीत अजून पुढे गेले, काहींना दोन दिवस झोपवलं, काहींना कंबरेचे व्यायाम दिले, काहींना म्हटलं जमेल तसं रोजचं काम चालू ठेवा. सगळ्यात आधी बरे झाले ते रोजचं काम करणारे. व्यायामवाल्यांच्याही आधी! मी व्यायाम शिकवून पोट भरते तरी सांगतेय.

आणि मल्टिफिडसचं एक दुखणं आहे. पहिल्यांदा कंबर धरली की दुखऱ्या बाजूचा मल्टिफिडस त्या जागी काही दिवसांतच बारीक होतो, आणि दुखणं गेलं तरी तो आपोआप परत भरत नाही, त्याला मुद्दाम कामाला लावावं लागतं. दहीहंडीच्या थरातला एक गडी सुट्टीवर गेला आणि बाकीचे जोर लावून भागवतायत, असं. "आता बरं वाटतंय" म्हणून आपण विसरतो आणि गणपतीत मखर उचलताना परत धरते.

बेल्ट या गड्याची सुट्टी वाढवू शकतो. बाहेरून कुणी धरलंय म्हटल्यावर आतले कशाला धरतील? तसा बेल्ट अंगात आहेच, पोटाच्या स्नायूंपैकी सगळ्यात आतला, आडवा, ट्रान्सव्हर्सस, मागे जाऊन कंबरेच्या जाड पडद्याला शिवलेला, आणि त्याच पडद्याला वरून लॅट्स आणि खालून कुल्ल्याचा मोठा स्नायू तिरके येऊन मिळतात. तुमचा जिमवाला कोअर म्हणतो ते हेच, तो चुकीचा नाही, फक्त सिक्स पॅक म्हणजे कोअर असं त्याने सांगितलं तर ऐकू नका. हात उचलायच्या आधीच, काही मिलिसेकंद आधी, हा आतला पट्टा आवळलेला असतो, ठणठणीत माणसात. आपल्याला पत्ताही नसतो.

तेव्हा आता काय करायचं. पहिले तीन दिवस बेल्ट फक्त बाहेर जाताना, मग फक्त लोकलला, मग खुंटीवर. आजपासून चालायला लागा, दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, हात मोकळे सोडून, मोबाइल खिशात. थोडं दुखेल. थोडं दुखणं चालतं, पायात उतरायला लागलं तर थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. सकाळी उठल्यावर पहिला तासभर खोल वाकू नका, कारण रात्री डिस्क पाणी पिऊन फुगलेल्या असतात, माणूस सकाळी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंच असतो, आणि फुगलेल्या डिस्कवर वाकण्याचा ताण जास्त येतो. बुटाची लेस पाय स्टुलावर ठेवून बांधा.

मग घोडा-घोडा. म्हणजे मुलाला पाठीवर बसवायचो तसं हात-गुडघ्यांवर यायचं, (मुलगा पाठीवर नको), पाठ टेबलासारखी, आणि उजवा हात पुढे, डावा पाय मागे, दोन्ही जमिनीला समांतर, आठ-दहा सेकंद, परत खाली. मग उलट बाजू. पाच-पाच वेळा पुरे. पाठीवर पाण्याचा तांब्या ठेवलाय आणि तो सांडता कामा नये असं समजा, कारण मल्टिफिडसला जोर लागत नाही, न डगमगणं लागतं. मिनिटभर धरून थरथरण्यात काही शौर्य नाही. कुशीवर झोपून कोपरावर अंग उचलायचा एक व्यायाम आहे तो दोन आठवड्यांनी सुरू करा, आधी गुडघे वाकवून.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाकायला शिका. हसू नका. घरात कपडे वाळत घालायची काठी असते ना, ती पाठीवर उभी धरा, एक हात मानेमागे, एक कंबरेमागे, काठी डोक्याला, पाठीच्या मध्याला आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकली पाहिजे. आता गुडघे जरासे सैल सोडून, ढुंगण मागे ढकलत वाका, संडासाचं दार ढुंगणाने लोटतोय असं. काठी तिन्ही जागी टेकलेली राहिली तर तुम्ही खुब्यातून वाकताय, सुटली तर कंबरेतून. पहिल्या दिवशी सगळ्यांची सुटते.

आता आईकडे येऊ. पुढच्या वर्षी तिला लावणी करताना नीट बघा, तिच्या पायांकडे आणि डाव्या हाताकडे बघा. पाय फाकलेले, गुडघे थोडे वाकलेले, वाकणं खुब्यातून, पाठ पाटासारखी. डाव्या हातात मूठ आणि डावं कोपर मांडीवर टेकलेलं, म्हणजे अर्ध्या धडाचा भार मांडीतून सरळ चिखलात गेला, कंबरेला फक्त उरलेला. उजवा हात तेवढा चालतो. ओळ संपली की उठते, इरलं सारखं करते, कुणाला तरी हाक मारते, मागे बघते, परत वाकते. तुम्हाला वाटतं ती टाइमपास करतेय, ती लिगामेंटांना परत जागेवर यायला वेळ देत असते, भले तिला लिगामेंट हा शब्द माहीत नसेल. शिवाय तिची पाठ चाळीस-पन्नास पावसाळे रोज थोडं थोडं हेच करत आलीय, तुमची वर्षाला चार दिवस, बाकी ३६१ दिवस खुर्ची.

पण "तिला काही होत नाही" हे मला मान्य नाही. विचारलंत का कधी? शेतात राबणाऱ्या बायकांच्या कंबरा दुखतातच, मी तपासलेल्यांपैकी क्वचितच कुणी नाही म्हणाली असेल, आणि त्याही दुसऱ्याच कशासाठी तरी आलेल्या असतात, कंबर शेवटी उठताना सांगतात, "आणि हां, कंबर पण दुखते जरा". ते जरा वीस वर्षांचं असतं.

पुढच्या वर्षी जा. नक्की जा. फक्त मे महिन्यापासून रोज अर्धा तास चालणं आणि ते काठीचं वाकणं चालू ठेवा, पहिल्या दिवशी दोनच तास लावणी करा, दर पंधरा-वीस मिनिटांनी उभे राहून दोन्ही हात कंबरेवर ठेवून सावकाश मागे झुका, चार-पाच वेळा, आणि ओळ संपवून उठलात की लगेच भाऱ्याला हात घालू नका, आधी बांधावर दहा मिनिटं उभं राहून चहा. भारे वाहायचं काम सकाळी ताज्या कंबरेने करायचं नाही आणि लावणीनंतर सैल कंबरेनेही नाही, तर चिखलणी बघत इकडेतिकडे फिरून झाल्यावर, मधल्या वेळात. मोठा भारा असेल तर दोन करा, कुणी हसलं तर हसू दे.

त्याआधी कापणी येईलच दसऱ्याच्या पुढेमागे. कापणी उकिडवं बसून करा, वाकून नको, गुडघे ऐकत नसतील तर दर थोड्या वेळाने उभे राहा आणि पेंढ्या बांधायचं काम मागून घ्या. बेल्ट ठाण्यालाच ठेवून जा, घेऊन गेलात तर आई म्हणेल बघू रे कसा असतो, आणि मग तो परत येत नाही. त्यापेक्षा रात्री जेवणं झाल्यावर तिला पडवीत भिंतीशी पालथी झोपवा आणि कण्याच्या दोन्ही बाजूंच्या त्या वळांवर खोबरेल तेलाचा हात फिरवा, खालून वर, हलकाच. ती आधी नको नको म्हणेल. कुठे हात गेल्यावर गप्प होते ते बघून ठेवा आणि मला कळवा.